कोच बदला, टीम तीच!

मागच्या महिन्यात आमच्या प्रोजेक्टचा मॅनेजर बदलला. रिलीजला तीन आठवडे उरलेले असताना! कारण काय, तर क्लाएंट नाराज. नवीन माणूस आला, त्याने पहिल्या मीटिंगमध्ये नवीन एक्सेल शीट उघडली आणि आम्ही सगळे मनातल्या मनात हसलो. कोड तोच, बग तेच, माणसं तीच, सर्व्हर तोच. बदललं काय? तर शिव्या कुणाला द्यायच्या त्या माणसाचं नाव.

शनिवारी गंगापूर रोडवर चहा पिताना मी हे मित्राला सांगत होतो. तो शाळेपासून हॉकीवेडा (नाशिकमध्ये असे फारच कमी, क्रिकेटने सगळं खाल्लंय). तो म्हणाला, "अरे, ही तर भारतीय हॉकीची गोष्ट आहे!" आणि मग गप्पा ज्या रंगल्या, त्या रात्री घरी येऊन जुन्या नोंदी चाळण्यापर्यंत गेल्या. त्यातून निघालेला हा इतिहास. बराचसा आपल्या मुंबई-पुण्याच्या माणसांचा आहे, म्हणून जास्त लागला.

सुरुवात करू १९९८ पासून. बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने हॉकीचं सुवर्ण जिंकलं, १९६६ नंतर थेट ३२ वर्षांनी. कॅप्टन होता खडकीचा धनराज पिल्ले, कोच एम. के. कौशिक. आता एवढं जिंकल्यावर काय व्हायला हवं? सत्कार, हारतुरे, बक्षिसं. झालं काय, तर थोड्याच दिवसांत धनराजसकट काही खेळाडूंना संघातून वगळलं आणि कौशिकची कोचपदावरून गच्छंती झाली. तेव्हा इंडियन हॉकी फेडरेशनचे अध्यक्ष होते के. पी. एस. गिल. म्हणजे हरल्यावर कोच जातो हे आपल्याला माहीत असतं, इथे जिंकूनही गेला!

मग २००२. क्वालालंपूरचा वर्ल्ड कप. कोच मुंबईचा सेड्रिक डिसूझा. हा काही नवशिका नव्हता. त्याच्याच हाताखाली भारत १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये पाचवा आला होता. पण क्वालालंपूरला सुरुवातीचे सामने हातातून निसटले आणि फेडरेशनने स्पर्धा चालू असतानाच त्याला काढलं. उरलेल्या सामन्यांसाठी सी. आर. कुमार कोच. शेवटी भारत दहावा. परीक्षेचा पेपर अर्धा झाल्यावर क्लासचे सर बदलण्यासारखं आहे हे. २००४ मध्ये पुन्हा तोच प्रयोग झाला. राजिंदर सिंगच्या हाताखाली आदल्या वर्षी आशिया कप जिंकलेला होता, तरी अथेन्स ऑलिंपिक तोंडावर आलेलं असताना त्याला बाजूला करून जर्मनीच्या गेरहार्ड राखला आणलं. निकाल, सातवा नंबर.

पण खरी गोष्ट २००७-०८ ची.

२००६ हे वर्ष भारतीय हॉकीसाठी भयाण गेलं. वर्ल्ड कपमध्ये अकरावा नंबर आणि वर्षअखेरीस दोहाच्या आशियाई स्पर्धेत पहिल्यांदाच पदकाशिवाय परत. दोहाचं सुवर्ण दक्षिण कोरियाने जिंकलं आणि त्याबरोबर बीजिंग ऑलिंपिकचं थेट तिकीटही. इथे जरा थांबून लक्षात घ्या, कारण पुढे सगळ्यांना याचाच विसर पडला. बीजिंगचा सोपा रस्ता भारताने गमावला तो २००६ मध्ये. कोच तेव्हा वासुदेवन भास्करन होते.

यानंतर निवड झाली जोकिम कार्व्हालोची. मुंबईचा माणूस, १९८४ ला लॉस एंजलिसच्या ऑलिंपिकमध्ये खेळलेला. ऑगस्ट २००७ मध्ये 'चक दे इंडिया' आला आणि अख्ख्या देशाला एकदम कळलं की हॉकीच्या टीमला कोच नावाचा प्राणी असतो :) पुढच्याच महिन्यात चेन्नईला कार्व्हालोच्या टीमने आशिया कप जिंकला, फायनलमध्ये कोरियाला ७-२ ने धुऊन! सगळीकडे 'चक दे'चा गजर. वाटलं, बसली गाडी रुळावर.

पण आशिया कप जिंकून ऑलिंपिकचं तिकीट मिळणार नव्हतं. त्यासाठी मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सॅन्टियागोला पात्रता स्पर्धा खेळायची होती आणि तिथून एकच संघ बीजिंगला जाणार होता. फायनल ग्रेट ब्रिटनशी. पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले आणि उरलेला सगळा वेळ ते काही फिटले नाहीत. ०-२. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिक खेळलेला, आठ सुवर्णपदकं जिंकलेला देश पहिल्यांदाच बाहेर. कार्व्हालोने राजीनामा दिला.

मला वाटतं, तो देणं योग्यच होतं. टीम त्याची होती, सामना त्याचा होता. पण गंमत बघा. २००६ मध्ये थेट तिकीट हुकलं त्याचा हिशोब कुणी मागितला? १९९४ पासून अध्यक्ष असलेले गिल काही लगेच गेले नाहीत. महिनाभराने फेडरेशनचे सेक्रेटरी ज्योतिकुमारन एका टीव्ही चॅनेलच्या स्टिंग ऑपरेशनमध्ये खेळाडूच्या निवडीसाठी पैसे घेताना दिसले, तेव्हा कुठे इंडियन ऑलिंपिक असोसिएशनने फेडरेशन निलंबित केलं. म्हणजे चौदा वर्षांत कोच किती आले-गेले आणि वरची खुर्ची हलायला छुपा कॅमेरा लागला!

आता या गोष्टीतला सगळ्यात चुटपुट लावणारा भाग. याच काळात भारतात एक माणूस आलेला होता, रिक चार्ल्सवर्थ. ऑस्ट्रेलियाचा. शिक्षणाने डॉक्टर, फर्स्ट क्लास क्रिकेट खेळलेला, दहा वर्षं तिथल्या संसदेत खासदार आणि कोच म्हणून ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाला १९९६ आणि २००० अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवून दिलेला. (रेझ्युमे बघून आपल्याला स्वतःची लाज वाटावी असा माणूस.) आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या योजनेतून तो तांत्रिक सल्लागार म्हणून आला. पण त्याला नेमकं काम कोणतं, अधिकार कोणते, हेच धड ठरेना. वैतागून २००८ च्या मध्यावर तो निघून गेला.

पुढे तो ऑस्ट्रेलियाच्या पुरुष संघाचा कोच झाला. मार्च २०१० मध्ये दिल्लीत वर्ल्ड कप झाला, ऑस्ट्रेलिया विजेता, भारत आठवा. ऑक्टोबरमध्ये त्याच दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेची फायनल झाली, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. स्कोअर ०-८. ज्याला आपण टेबल-खुर्ची देऊन नीट बसवलं नाही, त्याने आपल्याच घरी येऊन आठ गोल चढवले.

इथपर्यंत वाचून वाटेल की चार्ल्सवर्थला ठेवला असता की सगळं झालं असतं. मलाही वाटलं होतं. पण थांबा. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली, आयपीएलच्या धर्तीवर. मुंबईची टीम होती मुंबई मॅजिशियन्स आणि तिचा कोच कोण? साक्षात रिक चार्ल्सवर्थ! आणि पाच टीममध्ये मुंबई शेवटची. का? कारणं अनेक असतील, पण एक तर डोळ्यांसमोर होतं. टीममधल्या चार पाकिस्तानी खेळाडूंना सीमेवरच्या तणावामुळे आणि मुंबईतल्या निदर्शनांमुळे परत जावं लागलं. मुंबईचे घरचे सामनेसुद्धा दिल्लीला हलवले गेले. जगातला सर्वोत्तम कोच, पण खेळाडू गेलेले आणि मैदान हजार किलोमीटरपेक्षा लांब. नावात मॅजिशियन असून काय उपयोग?

म्हणून मला वाटतं की 'कोच कोण निवडायचा' हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा म्हणजे त्याला काय द्यायचं आणि किती दिवस द्यायचं.

२००९ ते २०१९ या दहा वर्षांतली पुरुष संघाच्या कोचची यादी बघा. ब्रासा, नॉब्स, वॉल्श, व्हॅन आस, ओल्टमन्स, मारिन्ये, हरेंद्र सिंग, ग्रॅहम रीड. आठ! यातल्या टेरी वॉल्शने २०१४ मध्ये आशियाई सुवर्ण मिळवून दिलं आणि काही आठवड्यांत अधिकाऱ्यांशी वाद होऊन तो गेला. (बँकॉक आठवलं ना?) पॉल व्हॅन आस वर्षभरही टिकला नाही. २०१८ मध्ये तर पुरुषांचा मारिन्ये महिलांकडे आणि महिलांचा हरेंद्र पुरुषांकडे, अशी सरळ अदलाबदल झाली.

आणि मग टोकियो. २५ जुलै २०२१ ला रीडची टीम ऑस्ट्रेलियाकडून १-७ ने हरली. जुन्या काळी त्या रात्रीच फॅक्स सुटला असता. या वेळी कुणी काही केलं नाही. रीड दोन वर्षं त्याच पोरांबरोबर होता, कोविडमध्ये बंगळुरूच्या कॅम्पमध्ये कोंडलेला होता. पोरांना तो माहीत होता, त्याला पोरं. ५ ऑगस्टला जर्मनीला ५-४ ने हरवून ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आलं. मारिन्येच्या मुलींनी पहिले तीनही सामने गमावले होते, तरी त्या सेमीफायनलला पोचल्या. हातात पैसा, चांगली मैदानं, ओडिशा सरकारचा आधार हे सगळं होतंच. पण न काढणं हासुद्धा एक निर्णय असतो, हे मला या निमित्ताने पहिल्यांदा जाणवलं. (जानेवारी २०२३ च्या घरच्या वर्ल्ड कपमध्ये नववा नंबर आल्यावर मात्र रीडनेही राजीनामा दिला. कायमचं कुणीच नसतं. क्रेग फुल्टन आला आणि २०२४ ला पॅरिसमध्ये पुन्हा कांस्य.)

मित्र उठताना म्हणाला, "आपल्याच गावात बघ ना." खरंच की. भोसलाच्या मैदानावर विजेंदर सिंग सरांनी वर्षानुवर्षं पहाटे पोरं पळवली, त्यातून कविता राऊत आणि संजीवनी जाधव तयार झाल्या. आदिवासी पाड्यावरची मुलगी २०१० ला राष्ट्रकुलचं पदक घेऊन येते, ती तीन आठवड्यांच्या कोचमुळे नाही.

असो. सोमवारी ऑफिसात नवीन मॅनेजरला कॉफीला घेऊन जायचं ठरवलंय. एक्सेल शीटवर हसणं सोपं आहे, पण बिचाऱ्याला निदान आमचे बग कुठे दडलेत ते तरी सांगतो. आणि जुन्याला एक फोन. तो गेला त्या दिवशी आमच्यापैकी कुणीच काही बोललं नव्हतं. मीसुद्धा.