दांड्याचे लाकूड

कुऱ्हाड ही एकच वस्तू दिसत असली, तरी महाराष्ट्राच्या खेड्यांत तिचे पाते लोहाराच्या भट्टीतून आणि दांडा रानातून येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोहोंच्या वाटा परस्परविरुद्ध दिशांना गेल्या. लोखंड बाजारात सुलभ झाले आणि लाकूड सरकारी झाले.

गावगाड्यात लोहार आणि सुतार हे दोघेही बलुतेदार, म्हणजे कुणब्याच्या औतकाठीचे काम वर्षभर करून सुगीला धान्याचा ठरलेला वाटा घेणारे कारागीर होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे गुणदोष बारकाईने मांडले आहेत. कुऱ्हाड शेवटणे, म्हणजे बोथट पाते तापवून, ठोकून पुन्हा धारेला आणणे, हे लोहाराचे काम असे. कच्चे लोखंड पूर्वी काही अंशी देशातच गाळले जाई आणि महाबळेश्वराच्या परिसरात धावड नावाची मुसलमान जमात तेथल्या जांभ्या दगडातून ते काढीत असे. परंतु विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागले, भट्टीला लागणाऱ्या कोळशावर जंगलखात्याचे निर्बंध आले आणि हा धंदा बसला. लोहाराचे काम मात्र थांबले नाही, कारण त्याला आयते लोखंड मिळू लागले.

दांड्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तो कोणत्याही लाकडाचा चालत नाही. घाव बसताना येणारा हादरा जिरवील इतके ते लवचीक आणि नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, चेपणार नाही इतके ते टणक असावे लागते. धामण, धावडा आणि तिवस ही झाडे या दोन्ही गुणांसाठी नावाजलेली आहेत. देशावर, जेथे ती सहज मिळत नाहीत, तेथे बाभळीवर भागवले जाते. जाणता सुतार करवतीने कापलेल्या फळीपेक्षा उभे फोडलेले लाकूड पसंत करतो, कारण फोडताना ते आपल्या रेषेनेच उकलते आणि रेषा टोकापर्यंत अखंड राहतात. मग वाकसाने तासून, सावलीत सुकवून तो दांडा नेढ्यात ठोकतो आणि वरच्या चिरेत पाचर मारतो. ढिला दांडा पाण्यात भिजवून घट्ट करण्याची सवय सर्वत्र आढळते, पण ती घातक आहे. फुगलेले लाकूड लोखंडाला दाबून स्वतःचेच तंतू चेपून घेते आणि वाळल्यावर पूर्वीपेक्षा अधिक ढिले होते. मोडक्या दांड्याचा नेढ्यात अडकलेला तुकडा जाळून काढायचा असेल, तर धारेकडचा भाग ओल्या मातीत पुरावा लागतो, नाहीतर धारेचे पाणी उतरते, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा जातो.

असे लाकूड आणायला पूर्वी कोणाची परवानगी लागत नसे, ही गोष्ट १८७८ च्या जंगल कायद्याने बदलली. त्या कायद्याने राखीव जंगल आणि संरक्षित जंगल असे भेद केले. पहिल्यात स्पष्ट मुभा नसलेली प्रत्येक गोष्ट मना होती, तर दुसऱ्यात स्पष्ट मनाई नसलेली गोष्ट चालत होती. विदर्भात निस्तार हक्काने, म्हणजे घर, जळण व औजारे यांपुरते लाकूड घेण्याच्या मान्य हक्काने, काही वाट उरली. इतरत्र राखीव हद्दीतून दांड्यापुरती फांदी तोडणाराही गुन्हेगार ठरू शकत होता. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कठोर टीका केली, ती याच अनुभवातून. १९३० मध्ये जंगल सत्याग्रह झाला, तेव्हा उरण तालुक्यातील चिरनेरचे शेतकरी आणि आदिवासी २५ सप्टेंबरला कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या रानाकडे निघाले आणि पोलिसांच्या गोळीबारात सत्याग्रही मारले गेले. या लढ्याकडे केवळ स्वराज्याच्या चळवळीचा एक भाग म्हणून पाहणे अपुरे आहे. रानावरचा रोजचा हक्क हेही त्याचे तितकेच सबळ कारण होते.

लोखंडाच्या बाजूला या काळात विपुलता वाढत गेली. मालमोटारींचे निकामी कमानपाटे हे लोहाराला मिळालेले सर्वांत उपयुक्त भंगार, कारण ते मुळातच उत्तम पोलादाचे असतात. गावोगाव पाल ठोकणारे घिसाडी, हे फिरते लोहार, त्याच पाट्यांपासून कुऱ्हाडी घडवत आले आहेत. पुरुष सांडशीने लालभडक तुकडा ऐरणीवर धरतो आणि हातोडीने जागा दाखवतो, तर त्या जागेवर जड घण बहुधा घरातली बाई घालते. या धंद्याच्या वर्णनांत तिच्या श्रमांना त्यांच्या मोलाची जागा क्वचितच मिळाली आहे.

आठवडे बाजारात पाती आणि दांडे आजही वेगवेगळे विकले जातात आणि घेणारा नेढ्यातून बोट फिरवून भोक सरळ आहे का ते पाहतो. चांगल्या लाकडाची टंचाई जाणवू लागली, तसे पात्याला लोखंडी नळी जोडून घेण्याचे प्रमाण वाढले. नळी मोडत नाही हे खरे. पण ती हादरा जिरवत नाही, तो सरळ मनगटात उतरतो, म्हणून दिवसभर लाकूड फोडणारा मजूर अजूनही लाकडी दांड्याचीच कुऱ्हाड उचलतो.