तोफांसाठी आखलेली चढण : पश्चिम आल्प्समधल्या खडीच्या रस्त्यांचा इतिहास

सायकलवाल्या मित्रांकडून आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. इटली आणि फ्रान्सच्या सीमेवर, आल्प्सच्या पश्चिम टोकाला, दोन-अडीच हजार मीटर उंचीवर खडीचे रस्ते आहेत. हल्ली ग्रॅव्हल बाइक म्हणून जी जाड टायरची, वाकड्या हँडलची सायकल मिळते, ती घेऊन जगभरातले लोक तिथे जातात. डांबर नाही, घरं नाहीत, मैलोन्‌मैल गाडी नाही. मग एवढ्या उंचीवर, जिथे गावच नाही, तिथे हा रस्ता बांधला कुणी आणि कशाला?

आजचं सगळं बोलणं या ‘कशाला’भोवती आहे.

आधी एका नावाचा घोळ सोडवू. यातला सगळ्यात प्रसिद्ध रस्ता लिमोने या गावाच्या वरून, तेंदा खिंडीजवळून निघतो आणि सुमारे ३९ किलोमीटर डोंगरधारेने जाऊन मोनेसीला उतरतो. पर्यटनखात्याच्या फलकांवर त्याला ‘आल्ता व्हिया देल साले’ म्हणतात, म्हणजे मिठाची उंच वाट. नाव गोड आहे, पण इतिहास म्हणून पाहिलं तर फसवं. मिठाच्या वाटा इथे होत्या, नक्कीच होत्या. लिगुरियाच्या किनाऱ्यावरून मीठ खेचरांवर लादून पिएमोंतेच्या मैदानात नेत. पण विचार करा, मिठाची वाट डोंगर *ओलांडते*. आपल्याकडे कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर यायचं; ते कधी सह्याद्रीच्या माथ्यावरून उत्तर-दक्षिण हिंडत बसलं नाही. व्यापाऱ्याला शिखर नको असतं, त्याला पलीकडचा बाजार हवा असतो. जो रस्ता माथ्यालगत, सीमेला समांतर धावतो, तो व्यापाऱ्याचा नसतो. तो लष्कराचा असतो.

आणि हा रस्ता लष्कराचाच आहे.

१८६० साली साव्होय आणि नीस हे प्रांत फ्रान्सकडे गेले आणि लगेचच इटलीचं राज्य एक झालं. नव्या राज्याची पश्चिम सीमा आता आल्प्सच्या माथ्यावर आली. १८७२ साली डोंगरी लढाईसाठी ‘अल्पिनी’ ही खास पायदळाची पथकं उभी राहिली. १८८१ मध्ये फ्रान्सने ट्युनिशिया घेतला, इटलीला ते फार झोंबलं आणि १८८२ मध्ये इटलीने जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीशी हातमिळवणी केली. म्हणजे फ्रान्स आता उघड शत्रू. तेंदा खिंडीवर किल्ल्यांची रांग उभी राहिली, सुसाच्या खोऱ्यात, आसिएत्ताच्या धारेवर, शाबेर्तोनच्या शिखरावर काम सुरू झालं. आता किल्ला डोंगरावर बांधला की त्याला तोफ पाहिजे, दारूगोळा पाहिजे, पाणी पाहिजे, बराकीत लाकूड पाहिजे. हे सगळं वर न्यायचं कसं? खेचरांनी ओढायच्या गाड्यांवरून.

इथे जरा थांबू, कारण सायकलवाल्याला जे सुख मिळतं त्याचं मूळ इथे आहे. पाऊलवाट कशीही चढते. माणूस दम खातो, मग दोन हातांनी धरून वर सरकतो. तोफेच्या गाडीला ते चालत नाही. चढ मध्येच वाढला की जनावरं थबकतात, आणि उतारावर तोच चढ गाडीला मागून ढकलतो. म्हणून लष्करी अभियंते चढ खालपासून वरपर्यंत जवळजवळ सारखा ठेवत. डोंगर तीव्र झाला तर रस्ता तीव्र करायचा नाही, वळणं वाढवायची. आणि वळण एवढं रुंद घ्यायचं की जनावरांची जोडी गाडीसकट फिरली पाहिजे. पाणी रस्त्यावरून वाहू नये म्हणून कडेला चर, खालून मोऱ्या, दरीच्या बाजूला चुन्याशिवाय रचलेली दगडी भिंत. सव्वाशे वर्षांपूर्वी खेचराच्या दमाचा हिशेब ज्याने केला, त्यानेच नकळत आजच्या सायकलस्वाराच्या दमाचाही हिशेब करून ठेवला.

सुसाहून फिनेस्त्रे खिंडीपर्यंत चढून पाहा. साडेअठरा किलोमीटर, चढ सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास, शेवटचे आठेक किलोमीटर खडीचे, आणि खिंड २१७८ मीटरवर. कठीण आहे, पण फसवत नाही. २००५ मध्ये जिरो दि’तालिया ही मोठी सायकल शर्यत पहिल्यांदा इथून गेली. २०१८ मध्ये ख्रिस फ्रूमने इथेच सगळ्यांना मागे टाकलं आणि पुढचे ८० किलोमीटर एकट्याने काढले; त्याच दिवशी गुलाबी जर्सी घातलेला सायमन येट्स पार कोसळला. आणि २०२५ मध्ये त्याच येट्सने त्याच चढावर शर्यत खेचून आणली. हे विषयाला थोडं सोडून आहे, पण मुद्दा असा की जी खडी आधी ‘रस्ता दुर्लक्षित आहे’ याची खूण होती, ती आता मुद्दाम राखली जाते.

बरं, ज्या युद्धासाठी हे बांधलं, त्याचं काय झालं? गंमत बघा. १९१५ मध्ये इटली महायुद्धात उतरली ती फ्रान्सच्या *बाजूने*. पश्चिमेच्या किल्ल्यांतल्या तोफा काढून पूर्वेला, ऑस्ट्रियाच्या आघाडीवर नेल्या. पुढे मुसोलिनीच्या काळात, १९३१ पासून, पुन्हा काँक्रीटचे मोर्चे आणि बंकर आले. आणि १० जून १९४० ला, फ्रान्स आधीच कोसळत असताना, इटलीने युद्ध पुकारलं.

शाबेर्तोन हा या सगळ्या व्यवस्थेचा मुकुटमणी. ३१३१ मीटरवर, एका रांगेत आठ तोफा, प्रत्येक आपल्या बुरुजावर. खाली फ्रान्सचं ब्रियांसाँ शहर. इटालियनांची कल्पना अशी की एवढ्या उंचीवर कोण मारा करणार? २१ जूनला ढग हटले आणि फ्रेंचांच्या २८० मिलिमीटरच्या चार उखळी तोफांनी आठपैकी सहा बुरुज निकामी केले. एका दिवसात. वर जाणारा रस्ता मात्र राहिला. आज तो बऱ्याच ठिकाणी ढासळला आहे. चालणारे आणि सायकल खांद्यावर घ्यायची तयारी असलेले लोक जातात.

मग १९४७ चा पॅरिसचा तह. शाबेर्तोनचा माथा फ्रान्सला गेला. तेंदा आणि ब्रिगा हा भाग, जो १८६० मध्ये इटलीकडे राहिला होता, तोही गेला. त्यामुळे लिमोने-मोनेसी रस्ता आता काही ठिकाणी चक्क फ्रान्सच्या हद्दीतून जातो, आणि फ्रान्सला अडवण्यासाठी बांधलेला तेंदा खिंडीवरचा मधला किल्ला आज फ्रान्समध्ये आहे! सैन्य गेलं, रस्ते प्रांतांच्या आणि गावांच्या गळ्यात पडले. गावांना त्यांचा उपयोग नव्हता, कारण ते गावांना जोडतच नव्हते. खिंड ओलांडणाऱ्या रहदारीलाही वरची गरज उरली नव्हती. तेंदाच्या पोटातून बोगदा १८८२ मध्येच सुरू झाला होता. वरची फ्रेंच बाजूची नागमोडी वळणं तेव्हापासून ओस पडली.

पण या शांततेत आणखी एक गोष्ट मिसळली आहे, आणि तिच्यावर सायकलवाले फारसं बोलत नाहीत. माणसंही गेली. युद्धानंतर तुरीनच्या कारखान्यांनी ही खोरी रिकामी केली. कुनेओचा नुतो रेव्हेल्ली, स्वतः अल्पिनी अधिकारी, रशियातल्या माघारीतून वाचलेला, नंतर फॅसिस्टांविरुद्ध लढलेला, टेपरेकॉर्डर घेऊन या डोंगरांत हिंडला आणि म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. १९७७ मध्ये ‘इल मोन्दो देइ व्हिन्ती’ हे पुस्तक आलं. नावाचा अर्थ, हरलेल्यांचं जग. आज फोटोत जी ‘अस्पर्श निसर्गशांतता’ दिसते, तिच्या खालच्या उतारांवर पडीक शेतांचे बांध आहेत. पुस्तक वाचलेल्याला ते दिसतात.

आणि रिकामा रस्ता रिकामा राहत नाही. जीप आल्या, मोटरसायकली आल्या, युरोपभरातून आल्या, कारण एवढ्या उंचीवर गाडी चालवायला मिळेल अशा जागा आल्प्समध्ये थोड्या. धूळ, आवाज, उन्हाळी कुरणांतल्या गुरांना त्रास, ढासळणारे कठडे. तेव्हा स्थानिक प्रशासनांना ठरवावं लागलं. फिनेस्त्रेहून सेस्त्रिएरेकडे जाणारा आसिएत्ताचा रस्ता घ्या. ज्या धारेवरून तो जातो तिथे १९ जुलै १७४७ ला फ्रेंचांचा हल्ला मोडला आणि त्यांचा सेनापती शेव्हालिए द बेल-इल मारला गेला. दर जुलैत त्याचं स्मरण होतं. तर या रस्त्यावर ऐन उन्हाळ्यात आठवड्याचे ठरावीक दिवस पर्यटकांच्या मोटारी बंद असतात. लिमोने-मोनेसीवर मंगळवार आणि गुरुवार मोटारींना बंदी, आणि बाकीच्या दिवशी ठरावीक संख्येनेच प्रवेश, तोही टोल भरून.

म्हणजे ‘वाहनमुक्त’ हे त्या डोंगराचं वैशिष्ट्य नव्हे, ते वेळापत्रक आहे. दरवर्षी ते नव्याने ठरतं, त्यावर वाद होतात. मोटरसायकलवाला म्हणतो, आम्हीही खाली हॉटेलात पैसे खर्च करतो. गुराख्याचं गाऱ्हाणं वेगळं असतं: त्याला सायकलही अंगावर नको असते, कळपातून वेगाने उतरलेली सायकल गाडीइतकीच घातक. आम्हाला विचाराल तर बंदीचे दिवस वाढावेत, पण गुराख्याचं ऐकून.

हिशेबाची बाजू सांगतो आणि थांबतो. बर्फ दरवर्षी भिंतीचा काही तुकडा घेऊन जातं, उन्हाळ्याच्या तोंडाला दरडी काढाव्या लागतात, आणि साधारण ऑक्टोबरमध्ये रस्ता पुन्हा बंद होतो. या देखभालीला पैसा लागतो, त्यातला काही जीपवाल्यांच्या टोलमधून येतो. तेव्हा मंगळवारी सायकलवरून निवांत जाणाऱ्याच्या चाकाखालची खडी काही अंशी बुधवारच्या जीपने भरलेली असते. आता प्रश्न घेऊ या.