इंग्रजीच्या तासाने मराठीला काय दिले?

हायस्कूलमधला इंग्रजीचा तास म्हटला, की बहुतेकांना आठवतात ती स्पेलिंगे, काळांचे तक्ते आणि फळ्यावरून उतरवून घेतलेली उत्तरे. त्याच तासाला कविता असत, नाटकातले उतारे असत, निबंध असत. पण ते सहसा कुणाला आठवत नाहीत. मी एका तालुक्याच्या गावी तीस वर्षांहून अधिक काळ हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवले. या काळात एक प्रश्न पालकांकडून मला वारंवार ऐकावा लागला. ‘सर, पोरांना नोकरीपुरते इंग्रजी आले म्हणजे झाले. परक्यांच्या कविता त्यांना कशाला?’ प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर शोधायचे, तर दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

एक गोष्ट आधी मान्य केली पाहिजे. इंग्रजी वाङ्मय आपल्या शाळांत आले ते आपल्या मागणीवरून नव्हे. 2 फेब्रुवारी 1835 रोजी मेकॉलेने आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. 1854 मध्ये वुडचा खलिता आला, 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि 1859 मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. तीत उत्तीर्ण झालेल्यांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर होते. तेव्हापासून हायस्कुलात काय शिकवायचे, हे मॅट्रिक ठरवू लागली. गंमत अशी, की त्या काळी खुद्द इंग्लंडमधल्या नामांकित शाळांत लॅटिन आणि ग्रीकचाच वरचष्मा होता. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी वाङ्मयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू व्हायला 1894 साल उजाडावे लागले. हिंदुस्थानात मात्र हे वाङ्मय परीक्षेचा विषय होऊन बसले होते. असे का झाले, याची छाननी गौरी विश्वनाथन यांनी 1989 सालच्या आपल्या ग्रंथात केली आहे. उघडपणे बायबल शिकवले तर लोक बिथरतील, तेव्हा नीतीचे आणि राजनिष्ठेचे धडे वाङ्मयातून द्यावेत, असा राज्यकर्त्यांचा हिशेब होता, असे त्या दाखवतात.

हिशेब त्यांचा होता. पण वर्गातली मुले त्यांच्या हिशेबाने वागली नाहीत.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचेच पाहा. पुणे आणि रत्नागिरी येथे ते सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर त्यांचे वडील कृष्णशास्त्री यांनी सुरू केले आणि ते विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. इंग्रजी विद्येला वाघिणीचे दूध म्हणण्याची प्रथा त्यांच्याच नावावर सांगितली जाते. हे दूध पचवून त्यांनी केले काय? 1874 मध्ये ‘निबंधमाला’ काढली. इंग्रजी निबंधाचा घाट मराठीत मुरवला आणि त्याच घाटातून इंग्रजी राज्यावर आणि मिशनऱ्यांवर तोफा डागल्या. 1879 मध्ये सरकारी नोकरी सोडली आणि जानेवारी 1880 मध्ये पुण्यात टिळकांसह शाळा काढली. राष्ट्रीय बाण्याच्या या मंडळींनी तिचे नाव काय ठेवले? ‘न्यू इंग्लिश स्कूल’!

या शाळेला पुढे आगरकर येऊन मिळाले. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना शिक्षा झाली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. त्या कोठडीत आगरकर शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर करण्यात गढलेले होते. ‘विकारविलसित’ या नावाने ते 1883 मध्ये प्रसिद्ध झाले. याच मंडळींतले वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून ‘त्राटिका’ लिहिले. ही दोन्ही नाटके शाहूनगरवासी नाटक मंडळीने रंगभूमीवर आणली. गणपतराव जोशी चंद्रसेनाच्या भूमिकेत उभे राहिले, की हा मूळचा डेन्मार्कचा राजपुत्र आहे, याची आठवण प्रेक्षकाला राहत नसे. इंग्रजीचे एक अक्षर न येणारा माणूस तिकीट काढून शेक्सपिअर पाहू लागला, तो इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांनी मराठीत केलेल्या खटपटीमुळे.

न्यू इंग्लिश स्कूलच्याच बाकांवर कृष्णाजी केशव दामले नावाचा एक अबोल विद्यार्थी बसत होता. तेच आपले केशवसुत. पाल्ग्रेव्हचा ‘गोल्डन ट्रेझरी’ हा 1861 सालचा संग्रह त्या पिढीच्या कवींच्या हाती होता. केशवसुतांनी इंग्रजी कवितांची भाषांतरे केली, चौदा ओळींचे सॉनेट मराठीत आणून त्याला ‘चतुर्दशक’ म्हटले. भाषांतर करता करता त्यांना एक मोठा शोध लागला. देवदेवता आणि राजेरजवाडे यांना सोडून साध्या माणसाच्या मनातली खळबळसुद्धा कवितेचा विषय होऊ शकते, हा तो शोध. पुढे तेही मास्तरच झाले. खानदेशात भडगाव, फैजपूर अशा गावी त्यांनी शिकवले.

या तासाला कोण बसू शकत होते, हेही विसरता कामा नये. 1884 मध्ये पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तेव्हा मुलींना हायस्कूलचे इंग्रजी शिक्षण द्यावे की नाही, यावर रण माजले. टिळकांनी तिथल्या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलींना मुलांच्याच तोडीचे शिक्षण हवे, असे आगरकरांचे म्हणणे होते. आणखी काही वर्षांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. 1907 मध्ये ते मॅट्रिक झाले. संस्कृतच्या वर्गाचे दार त्यांच्या तोंडावर बंद झाले, इंग्रजी मात्र सगळ्या वर्गाला एकच होते. परकी भाषा कुणाला परकी वाटते आणि कुणाला मोकळी, हे ज्याच्या त्याच्या अनुभवावर असते.

तेव्हाचे सगळे वर्ग थोर होते, असे मला म्हणायचे नाही. घोकंपट्टी तेव्हाही होती, मॅट्रिकमध्ये नापास होणाऱ्यांची रांगही होती. पण तेव्हाच्या शिकवण्यात एक गोष्ट पक्की होती : भाषांतर. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघर होती. इंग्रजी वाक्य वाचले, की त्याला मराठीत काय म्हणाल, हा मास्तरांचा पुढचा प्रश्न ठरलेला. स्वातंत्र्यानंतर मराठी शाळांत इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचे धोरण आले. वेळ थोडा उरला, वाक्यरचना घोटून घेण्यावर भर आला आणि इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणे हा दोष ठरू लागला. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. वर्षे वाढली, पण कविता काही वाढली नाही. आज दहावीच्या परीक्षेत कवितेचे रसग्रहण विचारतात. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे ठरलेले असतात आणि त्यांची तयार उत्तरे गाइडात मिळतात. कविता न वाचताही कवितेचे गुण मिळतात.

यावर उपाय फार अवघड नाही. एका वर्षी मी नववीच्या वर्गात वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिलच्या फुलांवरची, 1807 मध्ये प्रसिद्ध झालेली कविता वाचून दाखवली. डॅफोडिल कुणी पाहिलेले असणे शक्यच नव्हते. पिवळी फुले, हजारोंनी, तळ्याकाठी, वाऱ्यावर हलणारी, एवढे मी मराठीत सांगितले. मागच्या बाकावरची, अकोले तालुक्यातल्या डोंगराळ गावातून आलेली एक मुलगी म्हणाली, ‘सर, म्हणजे आमच्याकडे खुरासणी फुलते तशी.’ पावसाळा सरता सरता त्या उतारांवर खुरासणीची शेते पिवळीधमक होतात, वारा सुटला की त्यांवर लाटा उठतात. मग वर्गाने ती कविता आपापल्या बोलीत सांगितली. कुणी चार ओळी लिहिल्या, कुणी दहा. चुका पुष्कळ होत्या. पण त्या दिवशी कवितेचा अर्थ मला फळ्यावर लिहून द्यावा लागला नाही.

म्हणून ‘परक्यांच्या कविता कशाला’ या प्रश्नाला माझे उत्तर असे : त्या आपल्या भाषेत आणण्यासाठी. आपला निबंध, आपले नाटक, आपली आधुनिक कविता यांना या देवघेवीतून बळ मिळाले. परीक्षेच्या मुद्द्यांना मी हात लावा म्हणत नाही. वर्षातून एक तरी कविता अशी असावी, की जिच्यावर प्रश्न विचारला जाणार नाही. मुलाने ती घरी न्यावी आणि इंग्रजी न येणाऱ्या आजीला तिच्या भाषेत सांगावी. आजीला ती कळली, तर मुलालाही कळली असे खुशाल समजावे.