द्वीपांतरीची कवचे

प्रतापगडच्या भेटीस (१६५९) निघताना शिवछत्रपतींनी मस्तकी जिरेटोप व अंगरख्याखाली चिलखत घातले होते, ही कथा आपल्या घराघरांतील मुलांस तोंडपाठ असते. या जिरेटोपातील 'जिरे' म्हणजे फारसी 'झिरह', कड्यांचे चिलखत. हाच शब्द समुद्र ओलांडून इंडोनेशियातही गेला; तेथे चिलखतास 'बाजु झिराह' म्हणतात. आपला संस्कृत 'कवच' शब्द तर त्याच्याही आधी जावा बेटी पोहोचला होता. ज्या जुन्या जावानी भाषेत ११५७ साली 'भारतयुद्ध' हे काव्य रचले गेले, त्या भाषेत तो आढळतो.

शब्द बाहेरून आले, तरी अंगरक्षणाची साधने त्या त्या बेटाने आपल्याजवळच्या सामग्रीतूनच घडविली. बोर्निओतील दयाक योद्धे बकऱ्याचे वा बिबट्याचे कातडे मान घालण्यापुरते भोक पाडून छातीपाठीवर घेत आणि त्यावर धनेशाची पिसे लावीत. कोठे झाडाच्या सालीच्या कापडावर माशांचे वा खवल्या मांजराचे खवले ओळीने शिवीत. सुलावेसीचे तोराजा लोक म्हशीच्या कातड्यावर कवड्या जडवीत. नियास बेटी लोखंड व्यापाऱ्यांकडून येई. तेथील लोहारांनी त्याच्या पत्र्यांचे रुंद खांद्यांचे अंगरखे घडविले. त्यांस 'बारु ओरोबा' म्हणतात.

परंतु बंदुका व तोफा यांपुढे ही कवचे पुरी पडणे शक्यच नव्हते. १८६३ साली डच सैन्याने दक्षिण नियासमधील ओराहिली गाव उद्ध्वस्त केले. पुढे वसाहतीच्या काळात अशा कित्येक वस्तू युरोपातील संग्रहालयांत गेल्या. आज नियासमध्ये गुनुंगसितोली येथील संग्रहालय तेथील वारसा जपत आहे, आणि उत्सवप्रसंगी तरुण योद्ध्यांचा वेष धारण करून नाचतात, ही समाधानाची गोष्ट होय.

वाचकहो, आम्ही हे परदेशीचे आख्यान येथे का मांडले? आपल्याही कित्येक घरांत आजोबा-पणजोबांची गंजलेली तलवार, फाटकी ढाल वा कड्यांचा तुकडा माळ्यावर पडून असेल. त्यास मोडीच्या भावात घालण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस त्याची हकीकत विचारावी व ती लिहून ठेवावी. एकटा खवला कोणाचे रक्षण करीत नाही. ओळीने शिवले म्हणजेच त्यांचे कवच होते. ज्ञातीच्या स्मृतीचेही तसेच आहे, असे आम्हांस वाटते.