अर्धी राहिलेली पद्मिनी

बंगळुरूत मोटारींचा कारखाना व्हावा, ही विश्वेश्वरय्यांची धडपड होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद त्यात उतरले, पण ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. डिसेंबर १९४० मध्ये वालचंदांनी तिथे विमानांचा कारखाना काढला. मोटार कंपनी १९४४ मध्ये निघाली ती मुंबईत. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी पुढे बंगळुरूतही धावली.

उत्पादन थांबल्यावर हौशी मंडळींनी जुन्या पद्मिनी दुरुस्तीला काढल्या. सुट्या भागांसाठी बंगळुरूतला जे. सी. रोड, नाहीतर तिथल्याच शिवाजीनगरची गुजरी. इंजिन १०८९ सीसीचं, साधंसरळ. ते उघडून बसवणारा मिस्त्री सापडतो. घात करतो तो पत्रा. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच पेलते. पायाखालचं रबरी मॅट उचलावं तर खाली गंज. दाराखालच्या पट्टीला स्क्रूड्रायव्हर टोचला की भुगा. कुजलेला भाग कापून नवा जोडताना दारांची फट बिघडते, आणि बहुतेकांचा पैसा तिथेच संपतो.

मग गाडी वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली राहते. गंज मात्र थांबत नाही, म्हणून ती वेळेत दुसऱ्याला विकणं हेच तिच्यावरचं प्रेम.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूप राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला विंटेज क्रमांक मिळू शकतो. तेव्हा विकताना काढून ठेवलेली जाळी, दिवे, हँडलं आणि आरसी बुक गाडीसोबतच द्या.