वाडीवाले आणि भातवाले

2020 च्या मे महिन्यात आमच्या आसनगावच्या हायवेवरून माणसं चालत नाशिककडे जात होती. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, पायांत तुटक्या चपला. कुणाला उत्तर प्रदेश गाठायचा होता, कुणाला मध्य प्रदेश, कुणाला बिहार. गावातली पोरं सकाळपासून रस्त्याच्या कडेला पातेली मांडून उभी असत. खिचडी, पाणी, पोरांसाठी बिस्किटं. मी नुकताच शाळेतून रिटायर झालेला, घरात बसवत नव्हतं, म्हणून हिशेबाची वही घेऊन त्यांच्यात जाऊन बसायचो. जून लागता लागता ती गर्दी ओसरली. पातेली घासून समाजमंदिरात उपडी घातली आणि पोरांना एकदम रिकामं रिकामं वाटू लागलं.

अशात 3 जूनला वादळ आलं. निसर्ग त्याचं नाव. आसनगावात दिवसभर पाऊस आणि सोसाट्याचा वारा, दोन-चार पत्रे उडाले, एक आंबा आडवा झाला, एवढंच. वादळाचा खरा तडाखा दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला बसला. दुपारी तिथं ते जमिनीवर आलं ते ताशी 110-120 किलोमीटरच्या वाऱ्यानिशी. टीव्हीवर मुंबई वाचली, मुंबई वाचली असं दिवसभर चाललं होतं. मुंबई वाचली म्हणजे कोण सापडलं, ते कळायला पुढचे काही दिवस गेले, कारण तिकडचे विजेचे खांब आणि मोबाइलचे टॉवर दोन्ही झोपले होते.

आमच्या आळीतला एक एसटीचा ड्रायव्हर पूर्वी कधीतरी श्रीवर्धनची गाडी मारायचा. मुक्कामाच्या रात्री ज्या घरच्या पडवीत तो झोपायचा, त्या घरचा फोन त्याला वादळानंतर बऱ्याच दिवसांनी लागला. त्यानं विचारलं, काय पाठवू? पलीकडून उत्तर आलं, "पाठवू नकोस, पत्रे ठोकणारी माणसं घेऊन ये." पत्रा एक वेळ मिळत होता, दामदुप्पट का होईना, पण छपरावर चढणारा हात मिळत नव्हता. सगळ्यांचीच छपरं एकाच दुपारी गेलेली.

मग पातेली पुन्हा सुलटी झाली. गावातले दोन सुतार, एक वायरमन, पत्र्याची कामं करणारी चार पोरं, लाकूड कापायचं पेट्रोलवरचं मशीन, ताडपत्र्या, वॉशरचे स्क्रू, मेणबत्त्या, झिनी तांदळाची पोती आणि सुकटीचं एक पोतं. सुकट समुद्राकाठी नेताय होय, म्हणून बायका हसल्या. पण होड्या बंद होत्या, आणि घरातली बेगमीची सुकी मासळी भिजून कुजली होती. तिथं गेल्यावर सगळ्यात आधी ते पोतंच संपलं.

जिल्हा ओलांडायला तेव्हा ई-पास लागायचा. तो निघेपर्यंत मी रोज ओट्यावर आजीचं वादळ पोरांना सांगत बसलो.

आजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. ती साल सांगायची नाही. "गांधीबाबा गेला ना, त्या वर्साच्या दिवालीनंतर," एवढीच तिची तारीख. मोठेपणी मी ताडून पाहिलं. 1948 च्या नोव्हेंबरात खरंच मुंबईजवळ चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं होतं. आमच्याकडं तेव्हा भात कापून, भारे बांधून खळ्यावर उडव्या रचलेल्या. रात्री वारा सुटला. आजीचं घर कारवीच्या कुडाचं, वर गवताचं छप्पर. आजा छपराच्या वाशाला दोर बांधून त्याला लोंबकळून राहिला आणि आजी पोरांना घेऊन जात्याजवळ बसली. का, तर जातं उडत नाही. "आरं, उडव्याच्या उडव्या उठल्या नि रुलापल्याड जाऊन पडल्या!" आमचं शेत रेल्वेला लागून. आसनगावला रूळ आले 1860 साली, तेव्हापासून गावातल्या प्रत्येक गोष्टीला रूळ ही एक हद्द आहे. सकाळी अलीकडची माणसं पलीकडं जाऊन भारे ओळखत फिरली म्हणे. कुणी कुणाचा भारा उचलला यावरून जी भांडणं झाली, त्यांतली एकदोन मी लहानपणी स्वतः ऐकली आहेत. आज्याच्या दोराची गोष्ट मात्र दर वेळी थोडी लांबायची. वडील म्हणायचे, दोर गायीचा होता आणि आजा गोठ्यात होता. खरं काय ते त्या दोघांना माहीत.

पण आजीच्या गोष्टीचा शेवट ठरलेला असायचा. त्या वर्षी पेज आणि कंद खाऊन काढलं, पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, भात आलं, संपलं. वादळ म्हणजे एक वर्ष. हाच हिशेब डोक्यात घेऊन आम्ही निघालो.

पनवेल, वडखळ, कोलाड, माणगाव. गोव्याच्या हायवेबद्दल मी काही लिहीत नाही, वाचणाऱ्यांनी तो पाहिलेला असेल. माणगावहून मोर्ब्याच्या वाटेला लागलो आणि म्हसळ्याच्या अलीकडं टेम्पोतली पोरं बोलायची थांबली. डोंगरच्या डोंगर एका बाजूला कललेले. रस्त्यावरची झाडं कापून कडेला लोटली होती, त्यामुळं दोन्ही बाजूंना बुंध्यांची रांग. एका गावात मोठा वड मुळासकट उपटलेला आणि त्याच्या पडलेल्या खोडाला पांढरं सूत गुंडाळलेलं. 3 तारखेला वादळ आणि 5 तारखेला वटपौर्णिमा होती. बायकांनी आडव्या वडालाच फेऱ्या घातल्या असणार. कशा घातल्या असतील, यावर टेम्पोत बराच खल झाला.

श्रीवर्धनात संध्याकाळी पोचलो. एका शाळेच्या दोन खोल्यांत उतरायचं ठरलं होतं. दिवस करोनाचे, आम्ही ठाणे जिल्ह्यातून आलेले. लोक हात जोडायचे ते लांबूनच. ड्रायव्हरच्या ओळखीच्या घरच्या काकू अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आत या म्हणत नाही, राग मानू नका. घरात मुंबईहून आलेली सगळी आहेत." लॉकडाऊनमुळं चाकरमानी आधीच गावी आलेले, म्हणजे नेमकं घर भरलेलं असताना छप्पर गेलं. पण तासाभरात त्यांनी कुळथाची पिठी, भात आणि फणसाच्या आठळ्यांची भाजी शाळेच्या पायरीवर आणून ठेवली. मदत करायला आलेल्यांनी पहिलं जेवण आपद्ग्रस्ताच्या घरचं जेवावं, याची पोरांना लाज वाटली. मला नाही वाटली. दोन आठवडे लोकांकडून नुसतं घेत राहिलेल्या बाईला कुणाला तरी वाढायचं होतं.

माझ्याकडं माहुलीच्या रानातली शेवळांच्या रानभाजीची शेवटची जुडी होती, ती मी काकूंना दिली. त्यावरून दुसऱ्या दिवशी वाद. आमच्याकडं शेवळांत काकडं आणि सुकट घालतात, नाहीतर घसा खाजतो. काकू म्हणाल्या, वाल घाला, चिंच घाला, काही खाजत नाही. त्यांनी तसं करून पाठवलं. चांगलं झालं होतं, आमच्यासारखं नव्हतं.

पहिले दिवस सगळे पत्र्यांवर गेले. सकाळी उघडीप मिळाली की चढायचं, सर आली की उतरायचं. जुन्या घरांची कौलं गेली होतीच, पण रिपा आणि वासेही निखळलेले, त्यामुळं आधी सुतार, मग पत्रेवाले. वीज नव्हती. महिना होत आला तरी कित्येक वाड्यांत ती यायची होती. आमच्या वायरमनला काही कामच उरलं नाही, तर तो म्हाताऱ्यांचे ट्रान्झिस्टर दुरुस्त करत बसला आणि सगळ्यात लाडका झाला. माझं काम याद्या करायचं, म्हणजे खरं तर ऐकायचं. प्रत्येक घरी तेच: सकाळी अकराच्या सुमाराला वाऱ्यानं जोर धरला, मध्ये जरा थांबला, आम्हाला वाटलं संपलं, आणि मग उलट्या बाजूनं आला. छपराविषयी माणसं दोन वाक्यांत सांगून मोकळी व्हायची. झाडांविषयी सुरू झाली की थांबत नसत.

काकूंचे चुलत सासरे, सगळे त्यांना अप्पा म्हणत, ऐंशीच्या पुढचे. मला वाडी दाखवायला घेऊन गेले. दाखवायला म्हणजे काय, आत शिरताच येत नव्हतं. सुपारीची खोडं काड्यापेटी सांडावी तशी एकमेकांवर पडलेली, मध्ये नारळाचे बुंधे, त्यांत जायफळाच्या फांद्या, मिरीचे वेल, आणि सगळ्यावर आकाश. अप्पा तेच पुन्हा पुन्हा म्हणत होते. "इथनं मी कधी आभाळ पाहिलं नव्हतं हो गुरुजी."

श्रीवर्धन हे नाव मी लहानपणी ऐकलं ते आजीच्या पानाच्या चंचीमुळं. सुपारी आणायला शहापूरच्या बाजारात मला पाठवताना ती बजावायची, श्रीवर्धनी रोठाच आण, दुसरी दात मोडते. अडकित्त्यात धरली की आत पांढरी निघायची, तुकडा मऊ पडायचा. तो रोठा ज्या झाडाला लागतो ते मी पहिल्यांदा पाहिलं ते असं आडवं. अप्पांना हे सांगितलं तर ते खूश झाले. त्यांनी पडलेल्या खोडांतून वाट काढत एकेकाची ओळख करून दिली. हे वडिलांनी लावलेलं, हे थोरल्याच्या मुंजीच्या वर्षी, ही रांग बायको गेली त्या पावसाळ्यात.

"परत लावता येतील की," आमच्यातला एक पोरगा सहज म्हणाला.

अप्पांनी त्याला शेजारी बसवलं आणि समजावलं. सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, भर यायला त्याहून जास्त. नीट जपली तर पन्नास-साठ वर्षं देते. पण मुख्य अडचण वेगळीच. सुपारीचं रोप उन्हात जगत नाही, करपतं. ते मोठ्या झाडांच्या सावलीत लावायचं असतं, आणि सावली तर सगळी झोपली. म्हणून आता आधी केळी लावायच्या, त्यांची सावली झाली की तिच्यात सुपारी, आणि मग बसायचं वाट पाहत. "मी ऐंशीचा," अप्पा म्हणाले, आणि पुढचं गणित त्या पोराला करू दिलं.

भातवाल्यांच्या हिशेबातलं एक वर्षाचं वादळ तिथं माझ्या डोक्यातून गेलं. आजीचं सगळं पीक रुळापलीकडं पडलं, तरी तिचं शेत जागच्या जागी होतं. पुढच्या मिरगात पेरणी करायला काही अडत नव्हतं. वाडीवाल्याचं शेतच मुळी उभं असतं, ते आडवं झालं.

सरकारनं फळबागांना हेक्टरी 50,000 रुपये जाहीर केले होते. पूर्वीपेक्षा रक्कम वाढवली होती, नाही असं नाही. पण श्रीवर्धनात हेक्टर कोणाकडं आहे? तिथं वाडी गुंठ्यांत मोजतात. हेक्टरचे गुंठे जवळपास 100, म्हणजे गुंठ्याला साधारण 500 रुपये. शिफारशीप्रमाणं हेक्टरी साधारण 1,370 सुपाऱ्या धरल्या तर एका झाडाला चाळीस रुपयेही येत नाहीत, आणि पडलेलं झाड कापून बाहेर काढायची मजुरीच त्याच्या वर जाते. हे गणित मी वहीत मांडलं तेव्हा अप्पा म्हणाले, "लिहून ठेवा, पण मला दाखवू नका."

रात्री मेणबत्तीवर गप्पा रंगत. अप्पांना इतिहासाचं वेड. श्रीवर्धनची देशमुखी भटांची. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं, तेव्हा बाळाजी विश्वनाथ गाव सोडून घाटावर गेला आणि 1713 साली शाहू महाराजांचा पेशवा झाला. "गेले ते पेशवे झाले," अप्पा म्हणायचे, "राहिले ते सुपाऱ्या सोलत बसले." मी कशाला मागं हटतो? आमच्या माहुलीचा किल्ला काढला. 1636 साली शहाजीराजे निजामशाहीचा शेवटचा वारस घेऊन माहुलीवरच होते. "पण तिथंच त्यांना शरण जावं लागलं ना?" अप्पांनी विचारलं. मी विषय बदलून जंजिऱ्याचं संस्थान कधी विलीन झालं ते विचारलं. 1948 मध्ये. म्हणजे आजीच्या वादळाचंच वर्ष. त्या वादळानं इथं काय केलं, हे मी आशेनं विचारलं. अप्पा तेव्हा शाळकरी पोर. त्यांना झेंडा बदललेला आठवत होता, शाळेत वाटलेली साखर आठवत होती, वारा अजिबात आठवत नव्हता.

आमच्या परतीच्या आदल्या दिवशी अप्पांचा पुतण्या वाडीत आला. मुंबईत नोकरी, लॉकडाऊनपासून गावी. त्याचं म्हणणं सरळ होतं. समुद्र दहा मिनिटांवर, जागा आयती मोकळी झाली आहे, चार खोल्या बांधू, पर्यटक येतात, पुढच्या मोसमात पैसा सुरू. पंधरा वर्षं झाडाकडं बघत कोण बसणार? आमची पोरं लगेच त्याच्या बाजूची. एकानं तर दिवसाचं भाडं किती धरायचं तेही सांगितलं. मी अप्पांची बाजू घेणार होतो, पण तोंड उघडलं नाही. आमच्या शहापूर तालुक्यात कुठलं वादळ आलं होतं? तरी भाताची खाचरं प्लॉट पाडून विकली गेली, बंगल्यांच्या स्कीमच्या कमानी उभ्या राहिल्या, समृद्धी महामार्गाचा मोबदला आला आणि काहींच्या दारात गाड्या आल्या. या टेम्पोतल्या निम्म्या पोरांच्या बापांनी तेच केलं होतं. मीही एक तुकडा दिलाच होता, मुलीच्या लग्नाच्या वेळी.

अप्पा पुतण्याला म्हणाले, बांध, रस्त्याकडच्या अंगाला बांध, विहिरीकडचं मला दे. पुतण्या म्हणाला, विहिरीकडूनच समुद्र दिसतो. अप्पा म्हणाले, आता दिसतो, केळी वाढल्या की दिसणार नाही. त्यावर दोघंही तावातावानं बोलू लागले, काकू मध्ये पडल्या, कुणाच्या तरी आईचे दागिने आणि कुठल्याशा जुन्या वाटणीचा कागद निघाला. मला वाटतं, वादळ झाल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच एवढं खणखणीत भांडण झालं असावं. आम्ही आमचं मशीन, दोर आणि रिकामी पोती गोळा केली. पुतण्यानं भांडण अर्धवट टाकून आमच्याकडच्या मशीनला पेट्रोल किती लागतं ते विचारलं, आणि ते आठवडाभर इथंच ठेवाल का, असंही. कुठली खोडं आधी कापायची यावर मागं अप्पांचं बोलणं चालूच होतं. मशीन ठेवलं. पुढच्या फेरीला लागणाऱ्या वस्तूंची यादी काकू सांगत होत्या आणि मी लिहीत होतो: मीठ, काडेपेट्या, इंचाचे स्क्रू, म्हाताऱ्यांची बीपीची गोळी, चहा पावडर, आणि जमले तर केळीचे मुनवे, इथल्या सगळ्या केळी पडल्या आहेत. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पास त्या रात्रीपर्यंतचाच होता.