नाक्यावरच्या करंज्या

आमची आजी इंग्रजीतली, दिली मोगलाईत. आष्टीकडच्या जुन्या माणसांना हे वाक्य उलगडून सांगावं लागत नाही. इंग्रजी म्हणजे ब्रिटिश मुलखातला नगर जिल्हा आणि मोगलाई म्हणजे निजामाचा बीड जिल्हा. तिचं माहेर आमच्या गावापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. दोन्हीकडची बोली एक, देव एक, सोयरिकी एकमेकांत. मधे करोडगिरीचा नाका.

करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. बाहेरून संस्थानात येणाऱ्या मालावर इथं पैसे भरायचे. नाणंसुद्धा बदलायचं. पलीकडं कलदार, अलीकडं हाली. सहा कलदारांना सात हाली असा मोघम हिशेब बायकांच्याही तोंडी होता. राज्यकारभार उर्दूत, त्यामुळं पावतीही उर्दूत. आपण कशाचे किती पैसे भरले, हे बहुतेकांना हातातल्या कागदावरून कळायचंच नाही. जामखेडच्या अंगाला तर हद्द इतकी गुंतलेली, की इंग्रजांची काही गावं निजामाच्या गावांनी वेढलेली. शेजारच्या गावाचा बाजार करायचा तरी राज्य ओलांडायचं.

लग्नानंतरची पहिली दिवाळी करून आजी सासरी परत निघाली. हे 1945 च्या आगेमागे असावं. पणजीनं तिला एक नवं लुगडं घेतलं होतं. नव्या कापडावर जकात बसते, म्हणून पणजीनं ते दोनदा पाण्यातून काढलं, खळ घालवली आणि लेकीला जुन्या लुगड्यावरून नेसवलं. उन्हात दोन लुगडी नेसून आजी गाडीत बसली. मांडीवर दुरडी, दुरडीत करंज्या, वर फडकं. सोबत थोरला भाऊ.

नाक्यावर शिपायानं फडकं काढायला लावलं. एक करंजी उचलली, अंगठा घालून मोडली. खोबऱ्याचं सारण फडक्यावर सांडलं. मग दुसरी, मग तिसरी. करंजीत सोनं घालून नेतात असं त्याला कुणी सांगितलं होतं, की नुसता हाताचा चाळा होता, हे आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. भाऊ मान खाली घालून उभा होता. आजीला राग शिपायाचा आला नाही, भावाच्या खाली घातलेल्या मानेचा आला. हे तिनं मला पंचाहत्तरीनंतर सांगितलं. सासरी पोचल्यावर सासूनं दुरडीत पाहिलं आणि काही न बोलता ती देवापुढं ठेवायच्या ऐवजी चुलीपाशी ठेवली.

“त्या दिशी मास्तर नव्हते,” आजी म्हणायची.

नाक्यासमोरच्या लिंबाखाली एक म्हातारे मास्तर येऊन बसायचे. नोकरी संपलेली, उर्दू चांगलं यायचं. बाजाराच्या दिवशी लोक त्यांच्यापुढं पावती धरायचे आणि ते वाचून दाखवायचे: इतकं मीठ, इतकं कापड, इतके पैसे. भांडले नाहीत, कुणाला अडवलं नाही. एक वही होती, तीत काहीबाही टिपायचे. पण ते बसलेले असले की शिपाई गाठोड्याला नुसती काठी लावायचा आणि जा म्हणायचा. आजीच्या शब्दांत, मास्तर असले की शिपायाचा हात बेतानं चालायचा.

मास्तरांची वही कुणाकडंच राहिली नाही. मी त्या गावात विचारून आलो.

ही लिंबाखालची गोष्ट मला पुन्हा आठवली ती इस्रायलमधल्या बायकांविषयी वाचताना. 2001 साली तिथल्या तीन बायकांनी ‘मखसोम वॉच’ सुरू केलं. मखसोम म्हणजे हिब्रूत नाका. वेस्ट बँकेत पॅलेस्टिनी माणसाला शेताला, दवाखान्याला, कामावर जायला लष्करी नाके पार करावे लागतात. कलंदियासारख्या नाक्यावर मजूर पहाटेच्या अंधारापासून लोखंडी फिरत्या दारांच्या रांगेत उभे असत. 7 ऑक्टोबर 2023 नंतर तर बहुतेक मजुरांचे इस्रायलमध्ये कामाला जायचे परवानेच थांबले. या संघटनेत फक्त बायका, त्यांतल्या पुष्कळ साठी उलटलेल्या. त्या जोडीजोडीनं नाक्यावर जातात, उभ्या राहतात, पाहतात आणि घरी येऊन लिहितात: रांग किती होती, कोणता दरवाजा उशिरा उघडला, कुणाला परत पाठवलं. कधी एखाद्या अडलेल्यासाठी अधिकाऱ्याला फोन लावतात. नाके त्यांनी हटवले नाहीत, तेवढी ताकद त्यांच्यात नाही. पण बंदूक ज्या बाजूची, त्याच बाजूच्या या बायका. बंदुकीच्या मागं आपलाच पोरगा उभा असताना त्याच्याकडं बघत राहायचं आणि दिसेल ते लिहायचं, याला काय लागत असेल, हे मी आमच्याकडच्या 1948 वरून ताडतो.

देश स्वतंत्र झाला तरी निजामाच्या राज्यातले आम्ही झालो नाही. 15 ऑगस्ट 1947 नंतर ती हद्द आणखी टणक झाली. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, भीतीनं गावंच्या गावं इंग्रजीत निघाली. लोक तेव्हाही इंग्रजीच म्हणत, इंग्रज गेले होते तरी. हद्दीपलीकडं हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कॅम्प पडले, तिथून तरुण येऊन करोडगिरीचे नाके जाळायचे. त्या तरुणांमागं स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव होतं; ते आधी आमच्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला शाळेचे मुख्याध्यापक होते. हिंदुस्थान सरकारच्या आर्थिक कोंडीनं मीठ-रॉकेल मिळेना. आजीच्या घरी कित्येक दिवस अळणी भाकरी खाल्ली. मग 13 सप्टेंबर 1948 ला फौजा आत आल्या आणि 17 तारखेला निजाम शरण आला. दर वर्षी आम्ही झेंडावंदन करतो, तो हा दिवस. मला त्याचा अभिमान आहे.

त्याच्या पुढचे दिवस आजी आवाज खाली आणून सांगायची. नाक्यावरच्या एका शिपायाची बायको दोन लेकरं घेऊन संध्याकाळी दारात आली. माझ्या पणजोबांनी, म्हणजे आजीच्या सासऱ्यांनी, त्यांना बळदात उतरवलं. ज्वारीच्या बळदात तीन दिवस. वरून आजी भाकरी सोडायची. करंज्या मोडणारा शिपाई तोच का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “म्या इचारलं न्हाई.”

सगळीकडं बळदं उघडली नाहीत. त्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती संस्थानात फिरली, गावोगावच्या लोकांशी बोलली. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे त्या फौजी कारवाईच्या, वेळी आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा, बहुतांशी मुसलमानांचा, आकडा त्यांनी हात राखून धरला तरी 27 ते 40 हजार. सगळ्यांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत आमचा शेजारी उस्मानाबाद. सरकारनं धाडलेल्या माणसांनी सरकारच्याच विजयानंतरचं हे लिहिलं आणि सरकारनं ते प्रसिद्ध केलं नाही. अनेक दशकं ते दप्तरात पडून राहिलं. 17 सप्टेंबरच्या भाषणांत मी रझाकारांचे अत्याचार ऐकत वाढलो आणि ते खरेच होते. या समितीचं नाव मात्र मी चाळिशी उलटल्यावर ऐकलं. आजीला ते कधीच माहीत नव्हतं, बळद माहीत होतं.

शेवटच्या वर्षी मी शाळेची दोनशे पानी वही घेऊन तिच्या बाजेशी बसायचो. एका दुपारी करंज्यांचं पुन्हा निघालं. मी सहज विचारलं, किती होत्या गं? मला वाटलं, आठवत नाही म्हणेल. तिनं बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला आणि आकडा सांगितला. वहीत तो असा आहे: दिवाळीनंतरचा बाजारवार. करंज्या 21. मोडल्या 14. मास्तर नव्हते.